विस्कॉन्सिनचं गाय-चीज-मक्याचं नाणं, कणसाला एक पान जास्त म्हणे… घ्यावं का?

नाशिकची_मृणाल

नमस्कार मंडळी, नाण्यांतलं मला फारसं कळत नाही, पण मुलगा सहावीत आहे आणि त्याला हे वेड लागलंय, म्हणून इथे विचारतेय. माझा चुलतभाऊ शिकागोला असतो, तो दिवाळीत आला तेव्हा मुलासाठी अमेरिकेच्या नकाशाचं निळं पुठ्ठ्याचं फोल्डर घेऊन आला, त्यात प्रत्येक राज्याच्या जागी एक एक क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं) बसवायचा, पन्नास राज्यांचे पन्नास. तर त्यातला विस्कॉन्सिनचा क्वार्टर मुलाचा एकदम लाडका झालाय कारण त्याच्यावर गाय आहे, म्हणजे गाईचं तोंड, बाजूला चीजचा मोठा गोल ज्याची एक फोड कापलेली आहे, आणि मक्याचं कणीस. खाली पट्टीवर 'फॉरवर्ड' लिहिलंय. त्याच्या मते हे जगातलं सगळ्यात भारी नाणं आहे, बाकी सगळ्यांवर म्हणे नुसते डोंगर, पक्षी आणि घोडेस्वार.

आता खरा प्रश्न. मागे पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन होतं तिथे आम्ही गेलो, आणि एका स्टॉलवाल्याने हाच क्वार्टर दाखवला पण त्यात कणसाला डाव्या बाजूला एक पान जास्त होतं. साडेनऊ हजार सांगितले! साध्या प्लास्टिकच्या पाकिटात होतं, डबीबिबी काही नाही. मी म्हटलं पंचवीस सेंटचं नाणं, म्हणजे आपले वीस-बावीस रुपये, आणि एका पानाचे साडेनऊ हजार? तो म्हणाला ताई मिंटची, म्हणजे टांकसाळीची, चूक आहे, पुढे लाखात जाईल. मुलगा तेव्हापासून डोकं खातोय.

हे पानाचं प्रकरण खरं आहे का झोल आहे? आणि अजून एक, भावाने आणखी एक विस्कॉन्सिन दिलाय तो रंगवलेला आहे, गाय काळी-पांढरी, चीज पिवळं वगैरे, तो जास्त किमती असतो का? आणि जाता जाता, चलनी नाण्यावर चीज कोण कशाला काढेल हेही कोणी सांगितलं तर मुलाच्या शंभर प्रश्नांतले चार कमी होतील 🙏

शनिवारपेठी_नाणेवाला

मृणालताई, पानाचं प्रकरण शंभर टक्के खरं आहे, पण तुम्हाला दाखवलेलं नाणं खरं होतं की नाही हे मी न बघता सांगणार नाही आणि भाव तर नक्कीच चढा आहे. जरा सविस्तर लिहितो, वेळ आहे आज.

अमेरिकेने १९९९ ते २००८ अशी दहा वर्षं ही मालिका काढली, वर्षाला पाच राज्यं, ज्या क्रमाने राज्यं संघात आली त्या क्रमाने. विस्कॉन्सिन १८४८ साली तिसावं राज्य म्हणून आलं म्हणून त्याचा नंबर तिसावा आणि नाण्यावर १८४८ पण लिहिलेलं असतं, बघा. ते ऑक्टोबर २००४ मध्ये आलं. प्रत्येक राज्याचं नाणं साधारण दहा आठवडे पाडायचं आणि मग बंद, परत कधीच नाही, अशी पद्धत होती. तरी घाबरू नका, दहा आठवड्यांत फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरच्या टांकसाळी मिळून या एका डिझाइनची ४५ कोटींच्या वर नाणी निघाली, त्यामुळे साधा विस्कॉन्सिन अजिबात दुर्मीळ नाही. मुलाला सांगा, दुर्मीळ नाही म्हणून वाईट नाही, डिझाइन खरंच गोड आहे.

आता पान. २००४ च्या डिसेंबरमध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात लोकांना सुट्ट्यात अशी नाणी मिळायला लागली, मग टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोकडे पण सापडली. दोन प्रकार आहेत. एकात जास्तीचं पान वर जातं, कणसाला टेकतं, त्याला हाय लीफ म्हणतात. दुसऱ्यात पान खाली वाकून चीजच्या गोलाला टेकतं, तो लो लीफ. दोन्ही कणसाच्या डाव्या बाजूलाच. म्हणजे दोन वेगवेगळ्या डायवर (नाण्यावर छाप मारणाऱ्या ठशावर) खरवडल्यासारखा खड्डा पडला होता, डायवर खड्डा म्हणजे नाण्यावर उंचवटा. कोणी मुद्दाम केलं का हत्यार लागून झालं यावर आमचे अमेरिकन भाईबंद अजून भांडतायत. एका डायवर झालं असतं तर अपघात म्हणून सोडून दिलं असतं, पण दोन डायवर, दोन्ही वेळा बरोब्बर पानाच्या जागी, त्यामुळे संशय जात नाही. नंतर चौकशीच्या कागदांतून असं बाहेर आलं की ऑपरेटरच्या लक्षात आलं होतं, मशीन थांबवलं, पण तोपर्यंत अंदाजे पन्नास हजार खराब नाणी चांगल्यांच्या ढिगात मिसळून गेलेली, आणि सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ दे म्हणून सोडून दिली. सरकारी कारखाने सगळीकडचे सारखेच 😄

महत्त्वाचं म्हणजे ही चूक फक्त डेन्व्हरच्या नाण्यांत आहे. वॉशिंग्टनच्या तोंडाची बाजू घ्या, त्याच्या शेंडीच्या मागे, उजवीकडे, बारीक अक्षर असतं. 'डी' असेल तर पुढे बघायचं, 'पी' असेल तर ते फिलाडेल्फियाचं, तिथे पान असेल तर कोणीतरी घरी बसून कोरलंय.

भाव. २००५ मध्ये जी हवा झाली तेव्हा लोकांनी वाटेल ते पैसे दिले, नंतर उतरलं. आज तिकडे सुटं, बऱ्या अवस्थेतलं नाणं शंभर डॉलरच्या आतच मिळतं, हाय थोडं महाग, लो थोडं स्वस्त, आणि चांगल्या ग्रेडचं, म्हणजे तपासून दर्जा ठरवलेलं, सीलबंद स्लॅबमधलं (कडक प्लास्टिकच्या डबीतलं) शंभर-सव्वाशेच्या आसपास. तुमचा स्टॉलवाला पाकिटातल्या सुट्या नाण्याला स्लॅबचा भाव मागत होता. घ्यायचंच असेल तर मोठ्या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांपैकी एकीच्या स्लॅबमध्ये असलेलंच घ्या आणि स्लॅबवरचा नंबर त्यांच्या साईटवर टाकून फोटो जुळवून घ्या. "पुढे लाखात जाईल" हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्याकडून काही घेऊ नये हा माझा नियम.

रंगवलेलं नाणं मिंटचं नसतं. खासगी लोक साधा क्वार्टर घेऊन त्याच्यावर रंग किंवा सोन्याचा मुलामा चढवून गिफ्ट म्हणून विकतात. संग्रहाच्या दृष्टीने त्याची किंमत साध्यापेक्षाही कमी. मुलाला आवडलं असेल तर टेबलावर ठेवू दे की.

मॅडिसनवाला_मकरंद

अरे वा, आमच्या गावच्या गाईची चर्चा इथे! मी विस्कॉन्सिनमध्येच असतो, मॅडिसनला, मूळचा चिपळूणचा. "चीज कोण कशाला काढेल" याचं उत्तर माझ्याकडून.

इथे गाडीच्या नंबर प्लेटवर 'अमेरिकाज डेअरीलँड' लिहिलेलं असतं, १९४० पासून. दुभती गाय हा राज्याचा अधिकृत पाळीव प्राणी, दूध अधिकृत पेय, मका अधिकृत धान्य. फुटबॉल मॅचला लोक डोक्यावर फोमची चीजची फोड घालून बसतात आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही, तर नाण्यावर काढायची कशाला वाटेल. नाण्यासाठी लोकांकडून हजारोंनी कल्पना मागवल्या होत्या, शेवटी तीन विषय उरले, एक निसर्गदृश्य, एक पूर्वीचे युरोपियन फर-व्यापारी आणि इथले मूळ रहिवासी यांची भेट, आणि तिसरं हे शेती-दूधवालं. लोकांच्या मतदानात शेती जिंकली. 'फॉरवर्ड' हे राज्याचं ब्रीद, १८५१ पासूनचं.

पण एक गंमत अशी की हे राज्य आधी दुधाचं नव्हतंच. गव्हाचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात इथला शेतकरी गहू एके गहू करायचा, १८६० च्या दशकात मिलवॉकी हे गहू पाठवणारं जगातलं अगदी मोठं बंदर होतं. मग तेच तेच पीक घेऊन जमीन थकली, चिंच बग नावाची कीड आली, पश्चिमेकडे नवी जमीन उघडल्यावर तिकडचा गहू स्वस्त पडायला लागला, भाव कोसळले. कर्ज, जमिनी विकणं, सगळं. आपल्याकडच्या कोणालाही ही गोष्ट सांगायची गरज नाही. तेव्हा न्यूयॉर्ककडून आलेले काही लोक, ज्यांना चीज करता यायचं, ते म्हणायला लागले की गाई पाळा, शेण जमिनीत घाला, गवत आणि मका लावा. त्यातला विल्यम डेम्पस्टर होर्ड हा मोठा माणूस, पेपरवाला होता मूळचा, १८७२ मध्ये दूध उत्पादकांची संघटना काढण्यात पुढे, १८८५ पासून 'होर्ड्स डेअरीमन' चालवलं, आणि पुढे राज्याचा गव्हर्नरच झाला. शेतकऱ्यांनी आधी त्याला वेड्यात काढलं होतं कारण गहू लावला की वर्षातले काही महिने मोकळे, गाय म्हटली की रोज दोन वेळा, सण नाही वार नाही.

चीजचे वेगवेगळे प्रकार मात्र स्विस, जर्मन लोकांनी आणले. इथून दक्षिणेला न्यू ग्लारस म्हणून गाव आहे, १८४५ मध्ये स्विस लोकांनी वसवलेलं, अजून तिकडच्या घरांवर तशीच नक्षी असते. कोल्बी नावाचं चीज इथल्याच कोल्बी गावातलं. आणि लोण्याचा अभिमान इतका की पिवळ्या रंगाचं मार्गरीन (नकली लोणी) विकायला इथे १८९५ ते १९६७ कायद्याने बंदी होती! लोक शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन गाडीच्या डिकीत भरून चोरून आणायचे. आजही हॉटेलात लोण्याऐवजी मार्गरीन तुम्ही मागितल्याशिवाय देता येत नाही, हा कायदा आहे.

आता थोडं कडू. नाणं आलं तेव्हाच दुधात कॅलिफोर्नियाने विस्कॉन्सिनला मागे टाकून दहा वर्षं झाली होती, १९९३ मध्ये. चीजमध्ये अजून हेच पहिले, देशातलं जवळपास पाव चीज इथलं. पण २००४ मध्ये दुभत्या जनावरांचे फार्म १५ हजारांच्या आसपास होते ते आता ६ हजारांच्या खाली आलेत. गाई कमी नाही झाल्या हं, गाई तेवढ्याच आहेत, पावणेतेरा लाखांच्या जवळपास. म्हणजे पन्नास-साठ गाईंचं घरचं लाल बार्न, म्हणजे गोठा, बंद झालं आणि हजार-दोन हजार गाईंचे शेड आले, तिथे दूध काढणारी बहुतेक माणसं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. मी रोज ऑफिसला जाताना रस्त्याने दोन-तीन रिकामे बार्न लागतात, छप्पर खाली आलेले. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना या नाण्याबद्दल विचारलं तर हसतात आणि विषय बदलतात. वारसा म्हणून नाण्यावर येण्याची वेळ कधी येते हे आपण सगळे जाणतोच.

असो, सुट्ट्यात अजून कधीतरी मिळतो हा क्वार्टर, मी तर डी दिसला की आधी कणीस बघतो. आजवर पान दिसलेलं नाही 😛

वाळव्याचा_दूधउत्पादक

मकरंद भाऊ छान लिहिलं, वाचून अंगावर काटा आला, गहू गेला आन् गाय आली हे आमच्याकडं ऊस आन् गाय असं हाय एवढाच फरक. मला नाण्यातलं काय कळत नाही पण दुधातलं कळतंय म्हणून दोन गोष्टी टाकतो.

एक म्हणजे त्या नाण्यावरचं कणीस माणसानं खायचं नव्हं, गाईनं खायचं आहे असं समजा. विस्कॉन्सिन मक्याच्या मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात) अमेरिकेत पहिलं हाय. आता आमच्या वाळवा-शिराळा-तासगाव पट्ट्यात बघा, मका चिकात आला की कुट्टी करून बॅगा भरायच्या, हवा काढून घट्ट बांधायच्या, पंचेचाळीस दिवसांनी फोडायच्या. आमच्या बापाला मुरघास म्हणजे काय ठाऊक नव्हतं, आज मुरघास नसला तर एचएफ (होल्स्टीन, परदेशी जातीची) गाय उन्हाळ्यात दूधच देत नाही. म्हणजे गाय, चीज आन् कणीस या तीन वेगळ्या वस्तू नाहीत, एकच धंदा हाय, कणीस खाल्लं, दूध दिलं, चीज झालं. ज्यानं डिझाईन काढलं त्याला कळत होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. फॅट. आमच्या संस्थेत दूध घातलं की साडेतीन फॅट आन् साडेआठ एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) जो दर असेल तो, खाली आलं की पॉईंटाला पैसे कापतात. मी डेअरी डिप्लोमाला असताना शिकलो की या फॅटवर पैसे द्यायच्या पद्धतीची सुरुवात या विस्कॉन्सिनमधूनच झाली, तिथल्या विद्यापीठातला स्टीफन बॅबकॉक म्हणून शास्त्रज्ञ, १८९० साली त्यानं टेस्ट काढली. त्याच्या आधी दूध वजनावर घ्यायचे, मग काय, पाणी घालणारा आन् साय काढून देणारा दोघंबी मजेत, चांगलं दूध घालणारा मूर्ख. बॅबकॉकनं काय केलं, बारीक मानेच्या बाटलीत दूध घ्यायचं, सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, ॲसिडनं दुधातलं बाकी सगळं विरघळतं, फॅट तेवढं सुटं होतं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, गरम पाणी घालायचं, फॅट वर मानेत येतं आन् मानेवरच्या रेघा मोजल्या की झालं. कुठल्याबी खेड्यातल्या पोराला जमावी अशी. आन् त्यानं पेटंट घेतलं नाही, फुकट दिली सगळ्या जगाला. आपल्याकडं जी गर्बरची पद्धत चालायची ती त्याच्याच जातीची, ॲसिड आन् सेंट्रिफ्यूज, ती स्वित्झर्लंडची. आता मशीन आलीत, बटन दाबलं की आकडा, आन् त्या आकड्यावर पुन्हा भांडणं हायतच, मशीन कुणी सेट केली म्हणून. त्यात मी पडत नाही इथं, नायतर रात्र जाईल.

मला इचाराल तर त्या नाण्यावर ती बाटली पायजे होती.

शनिवारपेठी_नाणेवाला

दूधउत्पादक साहेब, तुमची पोस्ट मी प्रिंट काढून अल्बममध्ये ठेवणार आहे, खरंच. नाण्याच्या मागे काय असतं ते कॅटलॉगमध्ये कधीच नसतं.

शंकेखोर_सुधा

सगळं छान पण मला एक सांगा, आपल्याकडे असं का नाही? अमेरिकेने प्रत्येक राज्याला सांगितलं तुम्हाला काय हवं ते ठरवा. आपल्याकडे शेतीप्रधान शेतीप्रधान म्हणून शाळेत घोकून घेतलं, आणि नाण्यावर काय तर अंगठा आणि दोन बोटं. व्हॉट्सॲपवर मात्र शेतीचं एकच चलन फिरतंय, ती ट्रॅक्टरवाली पाचची नोट, "ही नोट असेल तर लाखो मिळवा". आमच्या सोसायटीतल्या काकांनी खरंच कोणाला तरी फोन केला होता, समोरून आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागितली.

शनिवारपेठी_नाणेवाला

सुधाताई, ट्रॅक्टरच्या नोटेचं आधी. कोणीही, परत सांगतो कोणीही, ती लाखात घेत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर करून टाकलं होतं की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी, कमिशन, टॅक्स मागणारे सगळे फसवे आहेत, आम्ही असले व्यवहार करत नाही आणि कोणाला अधिकारही दिलेला नाही. काकांना दाखवा.

आणि शेतीची नाणी आपल्याकडे नाहीत हे मात्र चूक आहे, खच्चून आहेत, लोकांनी खर्चून टाकली. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना आहे, एफएओ, तिच्या आवाहनावरून भारताने १९७० पासून दरवर्षीसारखी नाणी काढली. पहिलं पितळी रंगाचं वीस पैशांचं, कमळाचं, 'सर्वांसाठी अन्न'. ते ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांनी नक्की हातात धरलंय, गोल, पिवळं, पूजेत ठेवायचे लोक. मग १९७३ चं पन्नास पैशांचं 'अधिक धान्य पिकवा', म्हणजे ७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात चालू असताना आलेलं, रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्याच्या मजुरीत ते आलं असेल तर त्याला काय वाटलं असेल देव जाणे. १९८० ला ग्रामीण महिलांवर, ८७ ला छोट्या शेतकऱ्यांवर एक रुपया, ८८ ला कोरडवाहू शेतीवर एक रुपया. कोरडवाहूचा रुपया माझा आवडता, कारण सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे, म्हणजे हा विषय आपल्या घरचा. एकूण कवडीमोल भावात मिळतात, जुन्या बाजारात चिल्लरच्या डब्यात हात घाला.

फरक कुठे आहे ते सांगतो. आपली ही सगळी नाणी घोषणा आहेत. अधिक पिकवा, बचत करा, कुटुंब लहान ठेवा. दिल्लीने शेतकऱ्याला सांगितलेलं. विस्कॉन्सिनवाल्यांनी जगाला सांगितलंय की आम्ही हे आहोत, आमची गाय बघा. मला दोन्ही आवडतात पण दुसऱ्यात माणसं जास्त दिसतात, जरी मकरंदने म्हटलं तसं बार्न रिकामं झालेलं असलं तरी.

अलीकडची स्मारक नाणी वेगळीच गोष्ट. २०२० मध्ये एफएओला ७५ वर्षं झाली म्हणून ७५ रुपयांचं नाणं पंतप्रधानांनी प्रसिद्ध केलं, ऑगस्ट २०२५ मध्ये एम. एस. स्वामीनाथन यांच्या जन्मशताब्दीचं शंभर रुपयांचं. ही बाजारात फिरायची नाहीत, टांकसाळीकडून बुकिंग करून दर्शनी किमतीच्या कितीतरी वर पैसे भरून घ्यायची. ज्याच्यासाठी काढली तो शेतकरी ती कधी बघणार नाही. आणि योगायोग बघा, स्वामीनाथन ज्यांच्याबरोबर गव्हावर काम करत होते ते नॉर्मन बोरलॉग, त्यांना अमेरिकेच्या २०२६ च्या इनोव्हेशन डॉलर मालिकेत आयोवा राज्याने निवडलंय. दोघांची नाणी शेजारी शेजारी लावायची असा माझा बेत आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

वऱ्हाडी_ठसका

काय भाऊ, महाराष्ट्राचं नाणं काढा म्हनलं तर पह्यलं भांडन इथंच होईन. आमी म्हनू कापसाचं बोंड पाह्यजे, अख्खं काळं सोनं अन् पांढरं सोनं आमच्याकडं. जळगाववाला केळीचा घड घेऊन येईन, नाशिकच्या ताई द्राक्ष नाहीतर कांदा म्हनतीन, रत्नागिरीवाला हापूस सोडनार नाही, अन् पश्चिम महाराष्ट्रवाले तर ऊस लावून मोकळे होतीन कोनाले न इचारता 😂 २४ मिलिमीटरमंधी बसवता काय सगळं?

शंकेखोर_सुधा

ज्वारी. विषय संपला. कणीस पण छान दिसतं आणि कोकण सोडलं तर कोणाला भांडता येणार नाही.

मॅडिसनवाला_मकरंद

कोकण सोडलं तर म्हणजे काय?? भात कोण पिकवतं?

वाळव्याचा_दूधउत्पादक

तिफण काढा. पीक कुठलंबी असूद्या, पेरायला तिफणच लागते. आन् मागं बाई चाड्यावर मूठ धरलेली पायजे, नुसता बाप्या नको.

नाशिकची_मृणाल

अहो काय हे, मी एका पानाचं विचारलं आणि तुम्ही मला अख्खं शेत दिलंत, सगळ्यांना खरंच धन्यवाद. मुलाला रात्री सगळं वाचून दाखवलं, बॅबकॉकच्या बाटलीवर तो जाम खूश आहे, आता त्याला घरी ॲसिड पाहिजे, ते मी स्पष्ट नाही म्हटलंय.

भिंग घेऊन बघितलं. फोल्डरमधला 'पी' आहे, म्हणजे विषयच मिटला. रंगवलेला 'डी' निघाला पण त्याच्यावर हिरवा रंगच एवढा जाड थापलाय की पानं मोजता येत नाहीत! मुलगा म्हणतो रंग खरवडून बघूया. नेलपॉलिश रिमूव्हरने निघेल का? आणि त्या स्टॉलवाल्याला मी मेसेज केला की स्लॅबमध्ये असेल तर सांगा, त्याने लगेच सहा हजारांवर आणलं, स्लॅबचं काही बोलला नाही.

शनिवारपेठी_नाणेवाला

सहा हजारांवर आला म्हणजे अजून खाली येईल, पण घेऊ नका. भावाला सांगा शिकागोत बँकेतून क्वार्टरचे रोल आणून मुलासाठी चाळत बस, चाळीस नाण्यांचा रोल दहा डॉलरला, नाही मिळालं तर परत बँकेत भरायचं, नुकसान शून्य. फक्त तिकडच्या भागात बहुतेक 'पी' फिरतात, त्यामुळे भावाचं टेक्सास-ॲरिझोनाकडे जाणं झालं तर तिथे चाळायला सांगा.

रिमूव्हरने रंग निघेल, ॲसिटोनवाला असेल तर. खिडकी उघडी ठेवून, तुम्ही स्वतः, काचेच्या वाटीत बुडवून ठेवा, मुलाच्या हातात देऊ नका. रंगवलेल्याला तशीही किंमत नाही तर बिनधास्त करा, पण घासू नका, आणि हा प्रयोग फोल्डरमधल्या चांगल्या नाण्यावर अजिबात नको. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही नको. आणि पान निघालं तर फोटो इथे टाका, हाय का लो ते मी सांगतो.

मॅडिसनवाला_मकरंद

मृणालताई, मुलाला सांगा मी जूनमध्ये चिपळूणला येतोय, साधा पण करकरीत 'डी' घेऊन येतो त्याच्यासाठी, पत्ता पर्सनल मेसेजमध्ये कळवा. चीज मात्र आणणार नाही, मागच्या वेळी बॅगेत काय झालं होतं ते विचारू नका.

वऱ्हाडी_ठसका

विचारलं. काय झालतं बे?